घरातल्या चौघांसाठी मारिओ

प्रश्न : माझ्या लहानपणी आमच्याकडे कॅसेटचा टीव्ही गेम होता आणि थोरला भाऊ व मी त्यावर मारिओ खेळत असू. आता घरी निन्टेंडो स्विच घेतला आहे. तशाच धाटणीचा, उड्या मारत पुढे जाण्याचा खेळ पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा यांच्यासह खेळावा असे वाटते. पत्नीने आजवर कधीही गेम खेळलेला नाही. कोणता घ्यावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या आठवणीतला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा खेळ एकत्र खेळण्याचा नव्हताच. त्यात दोघांची सोय होती ती आळीपाळीची. मारिओचा जीव गेला की त्याचा भाऊ लुईजी याची, म्हणजे दुसऱ्या खेळाडूची, पाळी येई, आणि थोरल्याचा हात बसलेला असला की धाकट्याला बराच वेळ नुसते बघत बसावे लागे (हे आपल्याला सांगायला नकोच). चौघांनी एकाच पडद्यावर एकाच वेळी पळण्याची सोय या मालिकेत २००९ साली ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये आली.

स्विचवर त्याच वळणाचा ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डिलक्स’ मिळतो. मात्र त्यात खेळाडू एकमेकांना आडवे येतात. एकाच्या डोक्यावर दुसऱ्याची उडी पडते, एकाने दुसऱ्याला उचलून फेकताही येते, आणि अरुंद फळीवर दोघे एकदम उतरले की एक जण हमखास खड्ड्यात जातो. समसमान तयारीच्या चार मित्रांना यात मोठी मौज वाटते. पण घरातल्या खेळात सर्वांत कच्च्या खेळाडूची चूक इतरांना किती महागात पडते, हे आधी पाहावे असे माझे मत आहे. बारा वर्षांच्या ताईचा जीव सहा वर्षांच्या भावाच्या धक्क्याने तिसऱ्यांदा गेला, की पुढे काय होते ते कोणत्याही पालकाला ठाऊक असते.

म्हणून मी ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ सुचवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या या खेळात खेळाडू एकमेकांच्या आरपार जातात, त्यामुळे धक्काबुक्कीचा प्रश्नच उरत नाही. जीव गेलेला खेळाडू काही क्षण भूत होऊन तरंगतो आणि तेवढ्यात जोडीदाराला शिवला तर पुन्हा उभा राहतो. बारा पात्रांपैकी चार योशी आणि नॅबिट यांना शत्रूच्या स्पर्शाने इजा होत नाही. खड्ड्यात पडले तर मात्र त्यांचीही सुटका नाही. पत्नीने नॅबिट घ्यावा. योशी मात्र मुलाऐवजी मुलीला द्यावा, कारण योशीच्या पाठीवर दुसऱ्या खेळाडूला बसता येते आणि कठीण उडीच्या वेळी ती भावाला पाठीवर घेऊन पलीकडे नेऊ शकेल.

एक उणीव आहे. ज्याच्या डोक्यावर मुकुट असतो त्याच्यामागे पडदा सरकतो, त्यामुळे मुकुटवाला सुसाट सुटला की बाकीचे मागे पडतात. तेव्हा “थांब गं” असे ओरडण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : चौघांना खेळण्यासाठी आणखी काय घ्यावे लागेल?
– तेच वाचक

उत्तर : स्विचच्या नेहमीच्या संचासोबत दोन जॉय-कॉन (दोन्ही बाजूंना लागणारे, काढता येणारे छोटे कंट्रोलर) येतात आणि ‘वंडर’ खेळताना प्रत्येक जॉय-कॉन आडवा धरून एकेकाला खेळता येते. म्हणजे दोघांची सोय झालेलीच आहे. उरलेल्या दोघांसाठी जॉय-कॉनची आणखी एक जोडी पुरते. आडव्या जॉय-कॉनची बटणे मोठ्या माणसाच्या बोटांना फार लहान वाटतात, तेव्हा आपला हात मोठा असल्यास स्वतःसाठी प्रो कंट्रोलर (दोन्ही हातांत धरायचा मोठा कंट्रोलर) घ्यावा. सुरुवातीला मात्र आहेत त्या दोनांवर पत्नी आणि मुलगा यांनाच खेळू द्यावे. आपण आणि मुलगी शेजारी बसून सांगत राहिलात तरी चालेल, फक्त हातातून कंट्रोलर ओढून घेऊ नये.