१२ गावांतल्या विहिरींच्या पाणीपातळीचा सर्व्हे मोबाईलवर करायचाय, भाग डोंगराळ आहे आणि रेंज कुठंतरीच येते, गुगल फॉर्म पुरेल का?

नाही पुरणार. कॉलेजच्या सर्व्हेला तो ठीक आहे, पण तुम्हीच लिहिलंय की डोंगराळ भाग आहे आणि रेंज कुठंतरीच येते. नेट नसेल तर गुगल फॉर्म सबमिटच होत नाही, मग सर्व्हे करणारी पोरं वहीत लिहून घेतात आणि रात्री खोलीवर बसून आठवेल तसं भरतात, म्हणजे मोबाईल असून नसल्यासारखा.

ओडीके कलेक्ट नाहीतर कोबो कलेक्ट घ्या. दोन्ही ॲप अँड्रॉइडवर फुकट आहेत. ओडीके २००८ पासूनचं आहे आणि कोबोचं ॲप त्याच्यावरच बेतलेलं, त्यामुळे एक आलं की दुसरं आलंच. फॉर्म एक्सेलमध्ये बनतो, प्रश्न मराठीत टाकता येतात, एकदा फोनमध्ये उतरवला की दिवसभर बिननेटचं भरत राहायचं, रेंजमध्ये आलं की सगळं वर पाठवायचं. फोटोची साईज तेवढी आधीच कमी करून ठेवा, नाहीतर अपलोड रात्रभर चालतं.

ॲप दोन दिवसात जमतं हो, खरी गंमत फॉर्ममध्ये आहे. साधा प्रश्न घ्या, विहीर किती खोल? म्हातारी माणसं परसात (पुरुषभर उंचीच्या मापात) सांगतात, तरुण फुटात, आणि बोअर मारणाऱ्याला विचारलं तर तोही फुटातच पण शंभराच्या पटीत. रकाना नुसता 'खोली' असला की कुणी ७ लिहितं कुणी ४० आणि दोन्ही विहिरी शेजारशेजारच्या असतात. म्हणून आधी एकक निवडायला लावा, मग आकडा, आणि विहिरीला ३०० फूट वगैरे कुणी टाकलं तर फॉर्मने पुढं जाऊच देऊ नये, ही अट टाकता येते. पाणीपातळी मात्र विचारूच नका, टेपला वजन बांधून मोजा. कठड्यावरून मोजली तर कठड्याची उंची वजा करायची, हा हिशोबही फॉर्मच करतो.

जीपीएस घेताना झाडाखाली उभं राहायचं नाही, स्क्रीनवर अचूकतेचा आकडा हळूहळू उतरतो, तो ५ मीटरपर्यंत येऊ द्या. घाईत ५० वर सेव्ह केलं की नकाशात एकाची विहीर दुसऱ्याच्या गटात जाते, आणि बांधावरून आधीच कोर्टकज्जे चालू असलेल्या गावात हा नकाशा भिंतीवर लावून बघा काय होतं ते!

विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने नंबर टाका आणि तोच फॉर्ममध्ये घ्या, नाहीतर पुढच्या फेरीला 'पाटलाची विहीर' चार निघतात. फेऱ्या राज्य सरकारच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेसारख्याच ठेवा, ते लोक जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला निरीक्षण विहिरी मोजतात, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवता येतील.

मालकाचा आधार नंबर, जात, उत्पन्न असलं काही 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून घेऊ नका. लोक बिचकतात आणि मग पाण्याचंही खरं सांगत नाहीत, शिवाय तो डेटा सांभाळायची जबाबदारी तुमच्याच गळ्यात.

पहिल्या दिवशी एकाच गावात १०-१५ विहिरी करा आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना बसवून आकडे उघडा, कोण कुठं अडखळतंय ते लगेच कळतं. एक्सेलचा फॉर्म बनवताना अडलात तर इथंच खाली विचारा, सांगतो.