भिशीचे 36 हजार आणि कपाटातल्या नव्वद डिस्क

वडगावच्या (बेळगाव) एका ताईंचं पत्र आलंय. घरात दोन यंत्रमाग. बारा जणींची भिशी, महिना 3,000 रुपये. पाचव्या महिन्यात यांचा नंबर लागला आणि 36,000 हातात आले. जुना डीव्हीडी प्लेअर ट्रे बाहेर टाकत नाही. कपाटात नव्वदेक डिस्क पडून आहेत: लग्नाची, मुलाच्या जावळाची, सासऱ्यांच्या भजनी मंडळाच्या दोन-तीन, बाकी विकत घेतलेले सिनेमे आणि नाटकं. यजमानांना 14,000चा ब्लू-रे प्लेअर हवाय. मुलगा पुढच्या वर्षी दहावीला, त्याला टीव्हीला जोडायला 34,000चा कॉम्प्युटर हवा, 'अभ्यासालाही होईल' म्हणतो. 'दोघांपैकी कुणाचं ऐकू?'

ताई, या महिन्यात कुणाचंच ऐकू नका.

आधी भिशी. तुम्ही पाच हप्ते भरलेत, म्हणजे 15,000. अजून सात भरायचेत, ते 21,000. हातात 36,000 आले खरे, पण त्यातले आपले पंधराच हजार. बाकीचे मैत्रिणींनी बिनव्याजी दिलेले उसने आहेत. नंबर लागला की आपण ते बक्षीस समजतो, आणि तिथेच फसतो. 34,000चा कॉम्प्युटर घेतलात तर त्यातले 19,000 उधारीचे. साडीला उठाव नसला की माग बंद राहतो, भिशीचा हप्ता राहत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं! दुकानदार 'बिनव्याजी हप्ते' म्हणेल. त्यातही प्रोसेसिंग फी असते, आणि सूट म्हणून वळत्या केलेल्या व्याजावर 18 टक्के जीएसटी बहुतेक वेळा आपल्यालाच भरावा लागतो.

आता प्लेअर. ब्लू-रेचं चित्र डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ असतं यात वाद नाही. डीव्हीडीच्या एका थरात 4.7 जीबी मावतात, ब्लू-रेच्या एका थरात 25. पण तुमच्या नव्वदमध्ये ब्लू-रे डिस्क किती? पत्रात एकही दिसली नाही. डीव्हीडीत जे टिपलेलंच नाही ते महागडा प्लेअर कुठून आणणार? शिवाय बरेच ब्लू-रे प्लेअर जुन्या व्हीसीडी घेतच नाहीत. ओप्पोने 2018मध्ये ब्लू-रे प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने 2019मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर आणणं बंद केलं. मावळत्या वस्तूला उद्या सुटे भाग कोण देणार? दुबईचा भाऊ आणून देतो म्हणाला, तर तेही नको. कुठली डीव्हीडी कुठे चालावी यासाठी जगाचे विभाग पाडलेत, तिकडचा 2, आपला 5. विकतच्या काही डिस्क अडतील.

मुलाच्या मागणीत तथ्य आहे, पण दोन वेगळ्या गरजा त्याने एका पिशवीत कोंबल्यात. दिवाणखान्यात टीव्हीला बांधलेल्या कॉम्प्युटरवर अभ्यास होत नाही, तिथे सासूबाईंची मालिका चालू असते. अभ्यासासाठी घ्यायचा तर भिशी फिटल्यावर लॅपटॉप घ्या. 'स्वस्तात जुना मिळतोय' असं कुणी म्हणालं तर सावध राहा. विंडोज 10ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट) 14 ऑक्टोबर 2025ला संपला, आणि विंडोज 11 न चालणारी जुनी यंत्रं आता बाजारात येतायत. विजेचंही बघा. 80 वॅटचा डेस्कटॉप रोज चार तास चालला तर महिन्याला सुमारे दहा युनिट. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत तुमच्या मीटरला जेवढी युनिट ठरलीत त्यावरची विकत, आणि 200 ओलांडली तर सगळंच बिल आपलं.

(मी 2011 साली हप्त्यांवर होम थिएटर घेतलं होतं. त्याच्या मोठ्या स्पीकरवर सध्या तुळशीची रोपं आहेत.)

मग करायचं काय? प्लेअर दुरुस्तीला न्या. ट्रे अडकण्यामागे बहुतेक वेळा आतला सैल झालेला रबरी पट्टा असतो, काही शेकड्यांचं काम. मग यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, दीड-दोन हजारांत येतो. कुणाचा तरी लॅपटॉप दोन रविवार मागून आणा आणि घरच्या रेकॉर्डिंगच्या डिस्क बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर उतरवा. भरलेल्या डीव्हीडीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. नव्वदच्या नव्वद एका थराच्या डीव्हीडी काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी हिशेब 423 जीबीचा, म्हणजे एक टीबी भरपूर झाली. विकतच्या सिनेमांना कुलूप असतं, ते फोडायच्या भानगडीत पडू नका, ते दुरुस्त प्लेअरवरच बघा. घरच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत माहेरी ठेवा.

सिनेमा पुन्हा कुठेही मिळेल. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर मात्र ऊन आणि दमटपणाने उडत जातो, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. एखादी डिस्क अडखळायला लागली असेल तर तिथूनच सुरुवात करा.

खर्च दहा हजारांच्या आत बसावा. पुढच्या सात हप्त्यांचे 21,000 आजच वेगळ्या खात्यात टाका, यजमानांना सांगून टाका की ते नाहीतच.

आणि एक. प्लेअर बंद पडला तेव्हा आत कुठली डिस्क होती, आठवतंय का? सासऱ्यांच्या भजनाची असेल तर कारागिराला आधी तसं सांगा, ट्रे जोर लावून ओढू देऊ नका.