४०१(के)वर कर्ज काढून जुन्या रेसगाड्या घ्याव्यात का?

सॅन होजेतल्या एका वाचकाचा प्रश्न. वय ४६, नोकरी आयटीत. ओळखीतले एक संग्राहक वारले आणि त्यांचे कुटुंबीय १९४०च्या दशकातल्या इंजिनवाल्या पाच मॉडेल रेसगाड्या ९,००० डॉलरला देत आहेत. ४०१(के)वर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीमार्फतच्या निवृत्ती-बचत खात्यावर, कर्ज काढून त्या घ्यायच्या आणि निवृत्तीच्या वेळी विकायच्या, असा बेत आहे.

नमस्कार. फोटो पाहून मलाही मोह पडला. तारेला बांधून खांबाभोवती गरागरा पळणाऱ्या, १० सीसी इंजिनाच्या या गाड्या. त्यातून डूलिंग आणि मॅकॉयसारख्या त्या काळच्या उत्पादकांची नावं! हौस म्हणून घ्या, माझी ना नाही. पण निवृत्तीची तरतूद म्हणून नको आणि कर्ज काढून तर अजिबात नको.

४०१(के)च्या कर्जाचं व्याज आपल्याच खात्यात जातं, म्हणून ते फुकटचं वाटतं. पण तुम्हीच लिहिलंय की टीममध्ये कपात चालू आहे. नोकरी गेली तर बहुतेक योजनांत उरलेली रक्कम लवकर भरावी लागते. भरली नाही, तर ते पैसे तुम्ही काढून घेतले असं धरतात. मग त्यावर आयकर, १० टक्के दंड, वर कॅलिफोर्नियाचे अडीच टक्के. ७,००० डॉलर बाकी असतील तर नुसता दंडच ८७५ डॉलर.

नफ्याचंही पाहा. संग्रही वस्तू वर्षभरानंतर विकली तरी नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो. शेअर्सना ही कमाल २० आहे. शिवाय लहानपणी या गाड्या पळताना पाहिलेली पिढी आता सरत चाललीय. तुमच्यासमोर हा संग्रह आला तोही त्यामुळेच. आणखी वीस वर्षांनी गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न मला करापेक्षा मोठा वाटतो.

तेव्हा एकच गाडी मागा, बचतीतून, आणि सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी न मोडता. मूळ इंजिन असलेली निवडा. जुन्या गाड्यांच्या नव्याने ओतलेल्या प्रतिकृतीही बाजारात फिरतात, म्हणून जाणकाराला दाखवा. इंजिन अडकलं असेल तर जोर लावून फिरवू नका. बरेचदा वंगणाचं जुनं एरंडेल आत घट्ट झालेलं असतं, थोडी ऊब दिली की सुटतं. घराच्या विम्यात ती गाडी वेगळी नोंदवावी लागेल का, तेही विचारून घ्या.

पाचही एकत्रच देणार, असं ते म्हणाले तर सोडून द्या.