आराखड्यातली ती एक ओळ

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आराखडा काल रात्री दोनदा वाचला. वाशीत शाळांच्या समुपदेशकांची २४ जणांची बॅच, पाच दिवस, विषय मानसिक आघात. मेहनत जागोजागी दिसते. पण पहिल्या दिवशी जेवणानंतर तू लिहिलं आहेस, ‘प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातील एक आघात गटात सांगणे, वेळ ९० मिनिटे’. ती ओळ आजच खोडून टाक. बाकी सगळ्यावर बोलत बसू, हिच्यावर नको.

बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्याच एका हॉलमध्ये मी हे करून बसले आहे. लोकलखाली माणूस गेल्यावर घरच्यांशी कसं बोलायचं, याचा रोल-प्ले चालला होता. आईची भूमिका करणारी मुलगी मध्येच थांबली. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तिच्या घरात असंच काही घडलेलं असणार, हे मला त्या क्षणी कळलं. कळूनही मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बोल, सगळं बाहेर येऊ दे, मोकळं वाटेल." सगळ्या वर्गासमोर ती बोलली. सगळे रडले. आज वर्ग फार चांगला झाला, असं वाटून मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची रिकामी होती. आठवड्याने मी फोन केला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही मला विचारलं नाहीत."

तिने कोर्स पुरा केला नाही. याची बोच अजून आहे, आणि ती असावी असंच मला वाटतं.

‘रडून मोकळी हो’ हे आपल्याकडे मायेने म्हणतात, आणि ज्याचं रडू आपणहून आलं त्याला ते पटतंही. ओढून काढलेल्या रडण्याचं तसं नसतं. १९८०च्या दशकात दुर्घटनेनंतर लगेच लोकांना बसवून एकाच बैठकीत सगळा प्रसंग सांगायला लावायची पद्धत बऱ्याच देशांत पसरली. पुढे तिच्या चाचण्या झाल्या, २००२ साली त्यांचा एकत्रित आढावा निघाला. अशा बैठकीने आघातोत्तर ताणविकार, म्हणजे प्रसंग सरला तरी त्याची भीती पाठ न सोडणं, टळत नाही, असं त्यात दिसलं. एका चाचणीत तर वर्षभराने धोका वाढलेला आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली, तिच्यात तीनच कामं सांगितली आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. बोलायला भाग पाडू नका, हेही तिच्यात स्पष्ट आहे. तुझ्या २४ जणांना हे तू शिकवणारच आहेस. मग त्यांनाच भाग कसं पाडशील?

समुपदेशक तुझ्या स्लाइड्स विसरतील. तू त्यांना कसं वागवलंस ते मात्र त्यांच्या हातात उतरेल आणि शाळेतल्या छोट्या खोलीत एखाद्या मुलासमोर तसंच बाहेर येईल. एवढी एकच गोष्ट मला या पत्रात सांगायची आहे.

वर्गात आघात सोसलेलं कुणी आहे का, हे शोधत बसू नकोस. आहे असंच धरून चाल. आपल्या पट्ट्यात २६ जुलै २००५चा पूर कमरेपर्यंत पाण्यातून चालून पाहिलेली माणसं आहेत. २०१३च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याला इमारत कोसळून ७४ जीव गेले, २०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून माणसं पडली. घराच्या चार भिंतींत जे घडतं, त्याची तर बातमीही होत नाही. म्हणून सकाळी पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाक: दिवसभर काय काय होणार, जड भाग किती वाजता येणार, कुणालाही न विचारता उठून बाहेर जाता येईल, परत आल्यावर कारण विचारलं जाणार नाही. हे बोलून भागत नाही. दाराजवळच्या दोन खुर्च्या मोकळ्या ठेव. बाहेर गेलेल्याच्या मागे कुणाला धावत पाठवू नकोस. त्यांच्यासाठी गटाबाहेरचा एक अनुभवी समुपदेशक आधीच ठरवून ठेव आणि त्याचा नंबर फळ्यावर लिही.

आपल्याकडची बहुतेक शिबिरं ‘डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या’ने सुरू होतात. ते नको. ज्याच्यावर अंधारात हात पडलेला असतो, त्याला डोळे मिटले की सुरक्षित वाटत नाही. डोळे उघडे ठेवून पाय जमिनीला टेकवायला सांग, खोलीतल्या पाच वस्तू बघायला सांग. ज्याला नको असेल त्याने नुसतं बसावं.

भाषेवर मात्र अख्खी सकाळ दे. तुझ्या आराखड्यात ‘ट्रॉमा’ (आघात), ‘ट्रिगर’ (आघाताची आठवण जागी करणारी गोष्ट), ‘डिसोसिएशन’ (मनाने त्या क्षणापासून तुटून जाणं) आहे, आणि ते यायला हवं. पण तुर्भ्याहून येणारी आई समुपदेशकाला म्हणेल, "पोरीने धसका घेतलाय." कुणी म्हणेल छातीत धडधडतं, हातापायांत गोळे येतात, झोपेत दचकते. बाजारात ओझी वाहणारा बाप नुसती कंबर दुखते म्हणेल आणि गप्प बसेल. धसका हा शब्द किती नेमका आहे बघ! बाहेरचं संकट टळलं तरी भीती आत ठाण मांडून बसली आहे, हे त्यात आपोआप आलं. समुपदेशकांकडून असे शब्द गोळा करून घे, भिंतीवर चिकटव, आणि मेंदू-शरीराचं जे सांगायचं ते त्यांच्या आधाराने सांग. आणखी एक. ‘हिला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा ऐकतच या समुपदेशकांतले बरेच जण मोठे झाले असतील. १९०१ साली इथे मनोरुग्णालय उभं राहिलं आणि गावाचं नाव शिवीसारखं वापरलं जाऊ लागलं. त्या टोमण्याने त्यांना स्वतःला कधी मदत मागण्यापासून अडवलं का, हे मनाशी आठवायला सांग. मोठ्याने सांगायची गरज नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, आठवण आणि शोक, पुन्हा माणसांशी जोडलं जाणं. शाळेतल्या समुपदेशकाचं काम बहुतेक पहिल्या टप्प्यात असतं आणि ते कमी दर्जाचं काम नाही, हे त्यांना ठासून सांग. खोल उकरायची घाई त्यांना लागते, कारण आपणच त्यांना मोठमोठ्या केसेस ऐकवतो.

पॉक्सो कायद्याचा भाग तू चौथ्या दिवशी टाकला आहेस, तो दुसऱ्या दिवशी आण. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं, तर २०१२च्या त्या कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ हे वचन समुपदेशकाला देताच येत नाही. मूल बोलायच्या आधी, त्याला समजेल अशा शब्दांत, ही मर्यादा त्याच्या कानावर घालावी लागते. वाक्य कसं बोलायचं याचा सराव जोडीजोडीने करून घे, पुन्हा पुन्हा. नंतर कळलं तर मुलाला तो दगा वाटतो, आणि एकदा दगा खाल्लेलं मूल दुसऱ्या मोठ्या माणसाकडे सहजासहजी जात नाही.

शेवटचा अर्धा तास रोज हलका ठेव. त्यातले निम्मे लोक संध्याकाळी ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाण्याकडे निघतील, उभ्याने, चेंगरत. मनात काहीतरी उघडं ठेवून त्यांना त्या गर्दीत सोडू नकोस.

सोमवारी रात्री फोन कर. वर्ग कसा झाला ते नंतर सांग. आधी सांग, जेवणानंतर किती खुर्च्या भरल्या होत्या.

तुझी,
ताई