शिवाराची राखण करणारे न्यायालय

प्रश्न : इंग्लंडमधील एका खेड्यात आजही कुंपणे न घालता, मध्ययुगीन शिस्तीने शेती केली जाते, असे ऐकले. ते गाव कोणते आणि तिथे पाहण्यासारखे काय आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हे गाव म्हणजे नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्सटन. नॉर्मन काळातील (अकराव्या-बाराव्या शतकांतील) किल्ल्याची मातीची टेकडी, सेंट मायकेलचे मध्ययुगीन चर्च आणि चुकार जनावरांसाठीचा जुना कोंडवाडा या तिथल्या पाहण्याजोग्या जागा आहेत. तरी या गावाचे खरे वैभव त्याच्या शिवारात आहे, असे मला मनापासून वाटते.

साउथ, वेस्ट आणि मिल अशी तीन विस्तीर्ण शेते असून प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे या तिन्हींत विखुरलेले आहेत. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पड किंवा चाऱ्याखाली, असा तीन वर्षांचा फेरा चालतो. पट्ट्यांमध्ये कुंपण नसल्यामुळे शेजाऱ्याच्या किंवा सामाईक गवताच्या जमिनीत नांगर घालण्याचा मोह होऊ शकतो. आपल्याकडे बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. लॅक्सटनमध्ये मात्र गावातलेच पंच दरवर्षी नोव्हेंबरअखेर गव्हाच्या शेतात फिरून हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि नंतर भरणाऱ्या ‘कोर्ट लीट’ या ग्रामन्यायालयात अतिक्रमण करणाऱ्याला दंड होतो. अशा न्यायालयांचे अधिकार 1977 च्या कायद्याने काढून घेतले, तेव्हा लॅक्सटनचा त्यात स्पष्ट अपवाद करण्यात आला.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी इंग्लंडमधील बहुतेक सामाईक शेते कुंपणबंद झाली आणि अनेक गरिबांचे चराईचे हक्क गेले. लॅक्सटनमधील काही जमीनही त्या लाटेत वेगळी झाली, परंतु ही तीन शेते टिकली. पुढे 1952 मध्ये सरकारच्या कृषी खात्याने गाव विकत घेतले, 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजपदाच्या नावावरील मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे आले आणि 2020 पासून ते थोर्सबी इस्टेट या जवळच्या खासगी जहागिरीच्या मालकीचे आहे.

भेट देण्यापूर्वी मार्क पियर्स याने 1635 मध्ये काढलेला गावाचा नकाशा अवश्य पाहावा. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात असून तीत दोन हजारांहून अधिक पट्टे, त्यांवर नांगरणी आणि कापणी करणाऱ्या माणसांच्या चिमुकल्या आकृतींसह, रेखाटलेले आहेत.