आधी ट्यूब, मग बाकीचं

अरे, एखाद्या मॉडेल रॉकेटचं छोटं मॉडेल करायचंय तर आधी हाताशी अंगाची कुठली ट्यूब आहे ते बघ, स्केल तीच ठरवते. मूळ ट्यूब ४१.६ मिमी व्यासाची आणि तुझी २४.८ची असेल तर गुणक साधारण ०.६, लांबी, फिन (शेपटाचे पंख), नोजकोन (पुढचं टोक) सगळ्याला तोच लाव. फक्त फिनची जाडी डोळे झाकून कमी करू नकोस, पातळ बाल्सा (हलकं लाकूड) लँडिंगला कडकन मोडतो, आणि लाकडाच्या रेषा फिनच्या पुढच्या कडेला समांतर ठेव. खरी गोम मोटरची (रॉकेटच्या इंजिनाची) आहे, ती त्या प्रमाणात लहान होत नाही, मग शेपूट जड होतं. मोटर, पॅराशूट सगळं भरूनच बोटावर तोलून बघ, गुरुत्वमध्य (जिथे रॉकेट तोललं जातं ती जागा) दाबकेंद्राच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या जागेच्या) किमान एक ट्यूब-व्यास पुढे हवा, नसेल तर नोजमध्ये क्ले घट्ट बसव, त्याशिवाय उडवूच नकोस.