बाई, म्हस तुमीच काढा

मुलांचं चित्र, नाटक, वाद्य याविषयी पालकांनी आणि मुलांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देतात कोल्हापुरातल्या एक निवृत्त चित्रकला शिक्षिका.

माझी मुलगी चौथीत आहे. जूनपासून ती जवळच्या कलाकेंद्रात शनिवार-रविवार जाते. तीन महिन्यांची फी आगाऊ भरली आहे. शेजारची मुलगी दुसऱ्या क्लासला जाते, तिच्याकडे दर रविवारी फ्रेम करण्यासारखं चित्र घरी येतं. आमची मात्र रिकाम्या हातानं येते आणि फ्रॉक मातीनं माखलेला असतो. विचारलं तर "आज माती मळली" एवढंच सांगते. तिला तिथून काढून दुसरीकडे घालू का?
– एक आई, फुलेवाडी

ताई, काढू नका. निदान दिवाळीपर्यंत तरी थांबा. आणि एक करा, एखाद्या शनिवारी अर्धा तास लवकर न्यायला जा आणि दारात उभं राहून बघा. भिंतीवरची चित्रं बघू नका, शिकवणाऱ्याचा हात बघा. तो मुलांच्या कागदावर, मुलांच्या मातीवर किती वेळा जातो ते मोजा.

नऊ वर्षांच्या मुलाच्या हातून दर आठवड्याला फ्रेम करण्यासारखं चित्र होत नाही. होत असेल तर कुणीतरी ते पुरं करून देतंय. हे मी ठामपणे सांगते, कारण मी स्वतः ते केलं आहे.

नोकरीचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. स्पर्धेचा विषय होता 'रंकाळा'. पाचवीतल्या एका मुलीनं पाण्यात उभी म्हैस काढली. तिच्या घरी म्हशी होत्या, रंकाळ्यावर धुवायला नेताना तिनं शंभरदा बघितलेलं. तिनं म्हशीचे चारही पाय पाण्याखाली स्पष्ट काढले होते. मी म्हटलं, "पाण्याखालचं दिसतं का गं?" ती म्हणाली, "मग ती हुबी हाय का पवाय लागल्या, कसं कळणार?" मी ऐकून घेतलं नाही. खोडरबर घेतलं, पाय पुसले, पाण्याच्या आडव्या रेघा ओढल्या, पाठीला गोलाई दिली, शिंगं नीट केली. चित्राला बक्षीस मिळालं. पुढच्या महिन्यात 'आमचं घर' हा विषय दिला. तिनं घर काढलं, गोठा काढला, झाड काढलं आणि गोठ्यासमोर तळहाताएवढी जागा कोरी ठेवली. मी विचारलं, "इथं काय?" तर म्हणाली, "म्हस. तुमीच काढा बाई, मी बाकीचं काढतो."

रुसून नाही, अगदी सरळ म्हणाली. म्हैस काढणं हे बाईंचं काम, असं ती माझ्याकडून शिकली होती. रोज जिच्या पाठीवर हात फिरवायची ती म्हैस. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी मुलाच्या कागदाला पेन्सिल लावली नाही. काही दाखवायचं असेल तर शेजारी बसून वेगळ्या कागदावर काढते आणि दाखवून झालं की तो कागद उचलून घेते.

आता तुमच्या मुलीच्या मातीविषयी. मी अजूनही रविवारी एका केंद्रात मुलांबरोबर बसते. गणपतीआधी आम्ही मुलांना शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत नेतो. आमचा तिसरीतला एक मुलगा शाडूचा हत्ती करत होता. तीन रविवार त्याची सोंड गळून पडली. माती मऊ ठेवली की सोंड लोंबायची, घट्ट ठेवली की सांध्याला चीर जायची. गल्लीतल्या एका कारागीर काकांनी त्याच्या हत्तीला हात लावला नाही. स्वतःच्या मूर्तीचा हात जोडत होते तेवढंच जरा सावकाश केलं. दोन्ही बाजू खिळ्यानं खरवडल्या, मातीचं पातळ कालवण बोटानं लावलं, दाबून धरलं आणि तसेच गप्प बसून राहिले. पोरगं टक लावून बघत होतं. चौथ्या रविवारी सोंड टिकली. तो हत्ती घरी गेला नाही, टबात परत भिजत घातला, कारण माती पुन्हा लागते. त्याच्या आईला दाखवायला काहीच नव्हतं. पण आता आमच्याकडे कुणाचा सांधा तुटला की मुलं माझ्याकडे न येता त्याच्याकडे जातात.

माती मळताना त्यातली हवा निघते, खडे बोटाला लागतात, ओल किती हवी ते तळव्याला कळतं. हे सांगून येत नाही. आपल्या गावात हे सगळ्यांत आधी कळायला हवं. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. आनंदराव 1916 साली गेले, तरी बाबूरावांनी हातानं कॅमेरा तयार केला आणि इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. लाकूड, धातू, रंग हाताखालून गेल्याशिवाय असलं धाडस होत नाही.

काढायचं कधी तेही सांगते. फळ्यावर एक चित्र काढून चाळीस मुलांकडून तेच उतरवून घेत असतील, किंवा शनिवार आला की मुलीच्या पोटात दुखत असेल, तर त्याच दिवशी काढा. फी पुढच्या वेळी महिन्याची भरते म्हणून सांगा. चांगली केंद्रं ऐकतात. आणि मुलगी घरी आली की "आज काय केलंस" असं विचारण्याऐवजी थोडी कणीक तिच्यापुढे ठेवा. मळून दाखवेल.

माझा मुलगा नववीत आहे. एका संस्थेच्या बालनाट्याच्या तालमीला कोल्हापुरात जातो. रात्री एसटीनं परत यायला साडेनऊ होतात. घटक चाचणीत गणिताचे गुण घसरले. त्याला भूमिका तरी असती तर समजलं असतं, हा नुसता दिवे लावतो. बंद करावं असं वाटतं.
– एक वडील, कागल

दादा, साडेनऊची वेळ चुकीची आहे, तिथं मी तुमच्या बाजूनं आहे. उद्याच दिग्दर्शकांना भेटा. बाहेरगावच्या मुलाला साडेसहाला सोडा, कुठल्या दिवशी कुठला प्रवेश ते कागदावर लिहून द्या, परीक्षेच्या आठवड्यात तालीम नको, हे स्पष्ट सांगा. राज्य बालनाट्य स्पर्धेची तयारी शाळकरी मुलांचीच असते, तिचं वेळापत्रक शाळेभोवती बसवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. गायक नट केशवराव भोसले कोवळ्या वयात नाटक कंपनीत गेले आणि 1908 साली हुबळीत ललितकलादर्श ही स्वतःची नाटक कंपनी काढली तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. पण त्या काळी कंपनी म्हणजेच घर आणि कंपनी म्हणजेच शाळा. आज पोराला दोन्हीपैकी एक निवडायला लावायची गरज नाही.

'नुसता दिवे लावतो' हे मात्र मागे घ्या. नटाला स्वतःची वाक्यं पाठ लागतात, प्रकाशवाल्याला अख्खं नाटक. कोण कुठल्या शब्दावर वळणार, कुठं थांबणार, हे त्याला माहीत नसेल तर नट अंधारात उभा राहतो. तुमचा मुलगा ते रोज करतोय.

एक विचारून बघा त्याला: दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड किती कमी होतो? बहुतेक जण निम्मा म्हणतात. खरं तर पाव उरतो. हे त्याला मंचावर दिसत असणार, गणिताच्या वहीत दिसत नसणार. त्याच्या गणिताच्या सरांना हे सांगा. कुठून सुरुवात करायची ते त्यांना बरोबर कळेल.

आणि अजून एक, मनातलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, 1915 सालचं ते थिएटर आणि मागं खासबागचं कुस्तीचं मैदान. मी लहानपणापासून त्या दारानं आत गेले आहे. जळालेलं छप्पर बघून माझ्यासारखी म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. इमारत बांधता येते हो. पण तिच्यात दिवा कधी लावायचा आणि कधी मालवायचा हे जाणणारी पोरं आत्ता, नववीतच तयार व्हावी लागतात. तुमचं पोरगं त्यातलं आहे. वेळ बदलून घ्या, नाटक बंद करू नका.

मी दहावीत आहे. आमच्या पेठेतल्या तालमीत, म्हणजे आखाड्यात, हलगी वाजवतो. घराजवळच्या कलाकेंद्रात नाव घालायला गेलो तर म्हणाले, इथं तबला, हार्मोनियम आणि डान्स आहे, हलगी नाही. हलगीला दहावीत गुण मिळतात का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

गुणांचं आधी. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए श्रेणी मिळाली तर 7, बीला 5 आणि सीला 3 गुण मिळतात. लोककलेसाठीही सवलतीचे गुण आहेत, पण त्याला प्रयोगांची नोंद आणि संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, आणि प्रस्ताव शाळेमार्फत जातो. या आठवड्यातच मुख्याध्यापकांकडे जा, उशीर करू नकोस.

केंद्रानं तुला 'नाही' म्हटलं याचं मला वाईट वाटलं. मर्दानी खेळ, कुस्ती, मिरवणूक, यातलं काहीही हलगीशिवाय उभं राहत नाही. आपल्या पेठांमधल्या तालमी हीसुद्धा कलाकेंद्रंच आहेत, फक्त दारावर तशी पाटी नाही. तू तिथं शिकलास, म्हणजे शिकलास.

तरी त्या केंद्रात पुन्हा जा. या वेळी नाव घालायला नको, शिकवायला जा. "मुलांना एक तास हलगी दाखवतो" असं म्हण. एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक काडी, आणि दोन्हींचा आवाज वेगळा का येतो एवढंच दाखव. तुझ्या तालमीतल्या वस्तादांना बरोबर ने, त्यांना आधी बोलू दे.

परतीचा पाऊस आहे, हलगीचं कातडं सैल पडलं असेल, शेकून ताणावं लागेल. जाताना रद्दी कागद आणि काडेपेटी घे. हलगी हॉलमध्ये शेकू नकोस, बाहेर अंगणात शेक आणि मुलांना गोल उभं करून ते बघू दे.